हेळव्याच्या वहीतली पणजी

तपासणीची कल्पना माझ्या चुलतभावाची. आमचे पणजोबा सख्खे भाऊ, असं सगळी भावकी मानते. आम्ही दोघांनी पुण्यातल्या प्रयोगशाळेला लाळ पाठवली. अहवाल आला : बापाकडून मुलाकडे उतरणारा डीएनए दोघांचा वेगळा.

बातमीदारीत आयुष्यभर पुरावा मागत आलो. इथं मात्र पुराव्याविना निष्कर्ष काढला. कुठल्या तरी पिढीतल्या बाईचं पाऊल वाकडं पडलं असणार. त्याची पणजी की माझी, एवढाच प्रश्न उरला. माझे वडील, आबा, ब्याऐंशीचे. त्यांना सांगायचं नाही, असं ठरवलं.

सुगीनंतर अणदूरजवळच्या आमच्या गावी हेळवी आला. हे लोक घराण्यांच्या वंशावळी राखतात. काही वर्षांनी येतात, वही वाचतात, नवी नावं लिहितात, ज्वारी घेऊन जातात. आम्ही तरुणपणी पोरांची नावं सांगून उठायचो. जुनं ऐकायला म्हातारी माणसं असत. या खेपेला मी बसून राहिलो.

सुरात वाचत तो माझ्या पणजोबांपाशी आला. "पोटी संतान न्हाय. पटकीच्या साथीत मायबाप गेलेलं पोर दोघा नवराबायकोनं पंचांदेखत मांडीवर घेतलं. कुळ पुसलं न्हाय."

ते पोर म्हणजे माझे आजोबा. खाली त्याच शाईत, त्याच ओळीत आम्ही सगळे होतो.

"आबा, तुम्हाला ठाऊक होतं?"

"दर खेपेला वाचतोय की ह्यो. तू कवा बसलास?"

मग मी अहवालाचं सांगितलं. मनात काय आलं होतं, तेही. ते आधी हसले.

"थुकीवरनं माझ्या आजीला कोर्टात उभी केलीस व्हय रं?"

हजारो वर्षं कुठून कुठून चालत आलेलं, कुणाचं ते माहीत नसलेलं रक्त माझ्या हाताच्या शिरांत दिसत होतं. एका बाईनं काही न विचारता ते घरात घेतलं, म्हणून ते इथवर पोचलं होतं.

"तिचं नाव हाय का वहीत?" आबांनी हेळव्याला विचारलं.

"बायांची नावं लिवत न्हाय, मालक."

"हिचं लिवा."

आबांनी एकेक अक्षर सावकाश सांगितलं. पणजीचं नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.