तीन सिम्हा आणि एक दार

अफुला गावच्या बाजारात सूर्यफुलाच्या बिया भाजून विकणारा सिम्हा त्सुकरमान शनिवारी सिनेगॉगमधली प्रार्थना आटोपून घरी आला तो थेट पलंगावर आडवा झाला.

"बरं नाही का?" बायकोनं, फ्रूमानं विचारलं.

"मेलोय मी. जावयानं चारचौघांत जाहीर केलंय."

जावई मेइर बूस्किला मोरोक्कोकडचा. त्यानं सगळ्यांसमोर आपल्या तान्ह्या लेकीचं नाव पुकारलं होतं : सिम्हा. सिम्हा म्हणजे आनंद. आमच्या पोलंडवाल्यांत हे नाव बाप्यांचं, त्यांच्यात बायकांचं. मेइरनं आपल्या आईचं नाव ठेवलं, आणि आई चांगली ठणठणीत! त्यांच्यात हा आजीचा मान. आमच्यात जिवंत माणसाचं नाव बाळाला दिलं, की म्हाताऱ्याचे दिवस भरलेच म्हणून समजा.

"अहो, नाव विहीणबाईंचं ठेवलंय, तुमचं नव्हे!"

"हे मृत्युदूताला कोण सांगणार? त्याला नाव तेवढं ठाऊक असतं!"

असं म्हणून मेलेल्या माणसानं पडल्यापडल्याच मटण-बटाट्याचा दोन ताटल्या चोलंट चापला. त्यातला बटाटा वाढायला विसरली म्हणून फ्रूमाला वर बोलला.

संध्याकाळी विहीणबाई आल्या. कुशीत बाळ, मागे त्सुकरमानांची मुलगी, बाळाची आई ब्राखा, रडवेली.

"उठा व्याहीबुवा! माझ्या नावाच्या चार नाती आधीच आहेत. माझा एक दात तरी पडलाय का बघा!"

"तुमचं तुमच्याजवळ! आमच्यात तो दूत येतो, नाव विचारतो, आणि घाईघाईत कधी भलत्यालाच..."

सिम्हानं बाळाकडे पाहिलं. बाळानं जांभई दिली. सिम्हाचा चेहरा पांढराफटक पडला. दिवसभर स्वतःच्या मरणाचं कौतुक चाललं होतं. दूत घाईत बाळालाच नेईल, हे काही त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

तो ताडकन उठला. नातीच्या कपाळाचा मुका घेतला. "ब्राखा, हिला आत ने. अगदी आतल्या खोलीत."

"मघाशी मेला होतात ना?" विहीणबाई म्हणाल्या.

सिम्हानं खुर्ची ओढत नेऊन दारात आडवी टाकली आणि छाती काढून बसला.

"येऊ दे त्याला. 'सिम्हा कोण?' म्हणाला, की 'मीच' म्हणेन आणि त्याच्याबरोबर चालू लागेन. आत दुसरं कुणी नाही म्हणून सांगेन."

विहीणबाईंनी दुसरी खुर्ची उचलली आणि त्याच्याही पुढे, थेट उंबऱ्यापाशी मांडली.

"सरका मागे. मी वयानं मोठी आहे. पहिला मान माझा."