चौथ्या सीझनचा चार्ज

परवा दुपारी टीव्हीवर काहीतरी शोधत होते, तर छोट्या छोट्या चित्रांच्या रांगेत तो दिसला. निळा अंगरखा, छातीवर सोनेरी पट्टा, आणि जग आपणच वाचवणार याची पक्की खात्री असलेली ती हनुवटी. इतक्या वर्षांत त्याचं वय एका दिवसानंही वाढलेलं नव्हतं. मागे पलंगावर बाबा लसूण सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली, पाहिलं, आणि पुन्हा लसणात डोकं घातलं. मी मात्र घाईघाईनं पुढच्या चित्रावर सरकले, आणि ते का हे सांगायचं तर भिलाईतल्या आमच्या जुन्या क्वार्टरमध्ये जायला हवं.

बाबा तेव्हा पोलाद कारखान्यात होते. तिथे पाळी संपली म्हणून कोणी नुसतं उठून निघत नाही. येणाऱ्या माणसाला आधी ‘चार्ज’ द्यायचा: कुठला व्हॉल्व्ह अडतोय, कुठली मोटर तापलीय, काय बंद ठेवलंय. त्या भरवशावर तो कामाला हात घालतो. त्या निळ्या अंगरख्यावाल्याची मालिका आम्ही दोघं पहिल्या सीझनपासून पाहत होतो. हिंदीत डब केलेली, दर रविवारी संध्याकाळी. दुपारपाळी असली की बाबांचा भाग बुडायचा. मग सोमवारी सकाळी चहाचा कप घेऊन ते समोर बसायचे, “हं, दे चार्ज.” कोण जिवंत आहे, कोण उलटलं, कोणाच्या अंगात कुठली शक्ती आली, सगळं मी सांगायची. तीन सीझन मी हे इमानेइतबारे केलं. इतकं मन लावून माझं बोलणं त्यानंतर कोणी ऐकलेलं नाही.

चौथ्या सीझनला मी अकरावीत गेले आणि मला शिंगं फुटली. रविवारी मैत्रिणीकडे गप्पा रंगू लागल्या, आणि ‘पाहिलं नाही’ असं बाबांना सांगणं जिवावर आलं. मग मी थापा मारू लागले. खोटं का बोलू, त्यात मजाही येऊ लागली. एका सोमवारी नायकाच्या म्हाताऱ्या गुरूला मी चक्क मारून टाकलं, आणि बाबांनी चहा बाजूला ठेवून हळहळ केली. पुढच्या रविवारी त्यांची पाळी बदलली होती. ते स्वतः टीव्हीसमोर बसले, आणि गुरुजी काठी टेकत आले.

“हा तं मेला होता न वं?”

“हा दुसऱ्या दुनियेतला हाय, बाबा,” मी ठोकून दिलं.

बाबांनी मान डोलावली. पण मग नायकाची आई कोण, बहीण कुठे गेली, असं एकेक विचारत राहिले आणि मी एका थापेवर दुसरी चढवत राहिले. शेवटी भाग अर्धा असतानाच ते उठले. “नाही बेटा. आपलं डोकं आता काम नाही करून राहिलं. तूच पाह्य.” आणि अंगणात जाऊन उगाच सायकल पुसत बसले. मला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं. याची मला आज लाज वाटते.

परवा रात्रभर जागून मी तो सीझन एकटीनं पाहून काढला, मी रचलेलं कुठलं आणि मालिकेतलं कुठलं ते वेगळं करायला. तर काय, सातव्या भागात गुरुजी खरंच मरतात! आणि नवव्यात दुसऱ्या दुनियेतून परत येतात. म्हणजे मी खोटं बोलले होते, की नुसतीच थोडी आधी बोलले होते? आणि सगळं पाहूनही त्या सीझनचं ना डोकं ना शेपूट मला कळलं, तर बाबांना न कळण्यात माझा वाटा किती? विचार करून माझंच डोकं भणभणलं. काल बाबा पुन्हा लसूण सोलायला बसले, तेव्हा न राहवून मी त्यांना सगळं सांगून टाकलं.

ते आधी खूप हसले. मग लसणाची पाकळी हातात तशीच धरून म्हणाले, “त्याच साली कंट्रोल रूममधी कम्प्यूटर आले होते. ट्रेनिंगले माहं नाव होतं. मीच कटवलं. म्हनलं, टीव्हीवरची स्टोरी समजून नाही राहिली, तं हे काय समजंल.”

नंतरची सगळी वर्षं बाबांनी भट्टीच्या धगीत काढली हे मला ठाऊक होतं. का काढली, हे ठाऊक नव्हतं. ते रागावले असते तरी बरं झालं असतं. ते म्हणाले, “लाव तं तो सीझन. पाहू.”

कालच आम्ही तो पहिल्यापासून लावला. बाबा ताठ बसून पाहतात. कोणी मेलं, कोणी परत आलं, की थांबवायला सांगतात आणि विचारतात, “हे खरं हाय का तुहं?” सगळं डोळ्यांदेखत घडत असतं, तरी ते पडद्याकडे नाही, माझ्या तोंडाकडे पाहत असतात. मी ‘खरं आहे’ म्हटलं की मगच ते पुढे पाहतात.