गयाबाईच्या गाठीचा रिपोर्ट घेऊन

अकोल्याच्या स्टँडवर सकाळी हिंगोलीची गाडी धरली तेव्हा पर्समध्ये जेवणाचा डबा होता आणि एक घडी घातलेला कागद. कागद माझा नव्हता. गयाबाई नावाच्या धनगर बाईचा तो रिपोर्ट होता, आणि तिच्या कानावर पडेपर्यंत मला चैन पडणार नव्हती.

मी वॉर्डातली सिस्टर. दोन महिन्यांपूर्वी आमच्याकडे गयाबाईच्या उजव्या खांद्याच्या पात्याखालची गाठ काढली. गाठ मोठी चमत्कारिक. हात पुढे केला की करवंटीएवढी वर यायची, मागे घेतला की पात्याखाली दडी मारायची. छातीच्या पिंजऱ्याला पाठीमागून चिकटून बसलेली. डॉक्टरांनाही शंका आली. तुकडे तपासायला मुंबईला गेले. "रिपोर्ट आल्याशिवाय काही सांगता येत नाही," एवढंच ऐकून, टाके निघाल्यावर गयाबाई गावी गेली ती परत आलीच नाही.

आणि रिपोर्ट आला तो सोन्यासारखा. साधी गाठ! कॅन्सर नाही. क्वचित होणारी, जन्मभर खांद्यानं कष्ट उपसणाऱ्या बायकांत जास्त दिसणारी. एकदा काढली की बहुतेक कटकट संपली. नाव 'इलॅस्टोफायब्रोमा', म्हणताना माझीच बोबडी वळली. पत्र टाकलं, उत्तर नाही. ती बाई तिकडे मरणाची वाट बघत बसली असेल, या विचारानं घास गोड लागेना. शेवटी रजा टाकली. मैत्रिणी म्हणाल्या, "तुम्हाला नसते उद्योग भारी!" असू देत. उद्योग आहेत म्हणून सांगते आहे.

कनेरगाव नाक्यावर गाडीचं चाक पंक्चर झालं. समोरच ढाबा होता. तिथल्या मालकानं कुठं निघालात विचारलं, मी सांगितलं, तर तो हसायलाच लागला.

"सिद्धेश्वरला? धनगराच्या घरी? बाई, घर गावात अन् मानसं रानात. मेंढरं जिथं, तिथं त्यायचा पत्ता."

"मग पत्र?"

"कडीत अडकून राहिलं असंल."

माझं तोंड बघून बिचाऱ्याला दया आली असावी. गरम भजी कागदात बांधून दिली आणि हिंगोलीकडे जाणारी जीप हात दाखवून थांबवली. हिंगोलीचा जिल्हा होऊन दोन-तीनच वर्षं झाली होती. नव्या पाट्यांचा रंग अजून ताजा होता. तिथून औंढ्याची बस धरली आणि उन्हं चढता चढता सिद्धेश्वरला उतरले.

धरणाचं पाणी पाहून क्षणभर आलेलं काम विसरले. एवढं पाणी! काठावर जाळी वाळत घातलेली, पलीकडे हरभऱ्याची रानं पिवळी पडायला लागलेली. पण गयाबाईच्या दाराला खरंच कडी होती, आणि माझं पत्र फटीतून आत पडलेलं दिसत होतं. शेजारची बाई मासळी साफ करत बसली होती. तिनं मान वर करून मला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोन पाहिजे?"

"गयाबाई. मी दवाखान्यातून आले."

तिचा हातच थांबला. "आता काहून आलात? तिला मोठा रोग झाला म्हनतेत. ऑपरेशन झाल्यापसून कुनात बसत न्हाई. ताट येगळं, पानी येगळं. नातू झाला बघा, त्याला शिवली बी न्हाई अजून."

"अहो, रोग-बिग काही नाही! पण शिवायचं नाही असं सांगितलं कुणी?"

"दवाखान्यातच सांगितलं म्हनं."

ज्यानं कुणी सांगितलं असेल, त्याचा मला जाम राग आला. त्याच तिरीमिरीत पाणीही न पिता उठले. वाडा (मेंढपाळांचा फिरता मुक्काम) हट्ट्याच्या बाजूला गेल्याचं तिनं सांगितलं.

वाहनं बदलत हट्ट्याला पोचले तेव्हा दुपार कलली होती. गावाबाहेर हळद शिजत होती. मोठ्या कढयांतून वाफ निघत होती आणि तो ओला, मातकट, उग्र वास सगळ्या शिवारात भरला होता. एका शेतकऱ्याला वाडा विचारला. त्यानं पायाखाली बोट दाखवलं. काळ्या रानात लेंड्यांचा सडा पडला होता.

"तीन दिस माझ्याच वावरात खतासाठी रातीची मेंढरं बसवली होती. आज सकाळी पाटापल्याडच्या वावरात गेले. या लेंड्या धरून जा, बराबर पोचता."

मग काय, लेंड्यांच्या मागावर निघाले! पाट ओलांडताना पाय घसरला, साडी चिखलानं भरली, चपलेचा अंगठा तुटला. ती हातात घेतली आणि अनवाणीच चालले. असा प्रवास कोणत्या पुस्तकात वाचला नव्हता.

वाडा लांबूनच दिसला. वाघर (मेंढरं कोंडायची जाळी) ताणत गयाबाईचा नवरा मारोतराव उभा होता. दोन घोडी चरत होती. सून चुलीपाशी, तिच्या मांडीवर बाळ. आणि या सगळ्यांपासून वीसेक पावलांवर, एका बाभळीखाली, आपलं घोंगडं टाकून गयाबाई. तिच्या शेजारी पालथं घातलेलं एक ताट.

मला बघताच ती उठली, पण पुढे आली नाही. "शिष्टरबाई, लांबूनच बोला. तुमाला बी लेकरं असतील."

मी सरळ तिच्या घोंगड्यावर जाऊन बसले. रिपोर्ट वाचला, मग साध्या शब्दांत दोनदा सांगितला. साधी गाठ होती. गेली. मरायचं नाही. कुणाला लागतही नाही.

मारोतराव जवळ आला. "मंग लेकराला हात लावू नको म्हनून तुमी काहून सांगितलं?"

"मी?"

"तुमीच," गयाबाई म्हणाली. "टाके काढले त्या दिशी. सून बाळंत व्हायची होती. 'महिना-दीड महिना लेकरू घ्यायचं न्हाई' म्हनलात."

आठवलं. घाईत होते, दाराशी उभी राहून बोलले होते. खांद्याला ताण नको, जखमेत पाणी साचेल, म्हणून उचलायचं नाही. ते 'म्हणून' मी सांगितलंच नव्हतं.

"मेंढीला गाठ आली की आमी तिला कळपातून काढतो, बाई," मारोतराव खाली बघत म्हणाला. "येगळी बांधतो, येगळं पाजतो. हिनं सोताच आपलं दावं येगळं रोवलं. मी बी अडवलं न्हाई."

दिवसभर ज्या कुणाचा राग राग करत आले होते, ती मीच निघाले. धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "चुकलं माझं," एवढंच कसंबसं म्हटलं. गयाबाईला ते ऐकूच आलं नसावं. ती चुलीकडे बघत होती.

"मंग आता घेऊ?"

"घ्या की हो! आत्ता घ्या."

सुनेनं बाळ आणून तिच्या मांडीवर ठेवलं. अनोळखी मांडी लागताच त्यानं असा टाहो फोडला की घोडीसुद्धा बिचकली. सून घ्यायला वाकली. गयाबाईनं तिचा हात बाजूला केला. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ती हसत होती.

"रडू दे, रडू दे. माझ्या मांडीवर रडून राहिलं ना!"

भाकरी, लसणाचं तिखट आणि शेळीच्या दुधाचा चहा घेतल्याशिवाय त्यांनी मला सोडलं नाही. गयाबाई सगळ्यांत बसून जेवली. मारोतरावानं माझी चप्पल सुतळीनं शिवली आणि दिवेलागणीच्या आत रस्त्यापर्यंत सोडायला आला. ज्यांना नावंही विचारायची राहून गेली, त्या भजीवाल्यानं, मासळीवाल्या बाईनं, हळदवाल्यानं मला हाताला धरून तिथवर नेलं. त्यांचे उपकार कुठे फेडू?

परतीच्या गाडीत खिडकीशी बसले तेव्हा मनात आलं, सकाळी आपण आनंदाची बातमी पोचवायला निघालो होतो. खरं तर बातमीचं अर्धं वाक्य माझ्याकडेच राहिलं होतं. ते राहिलं म्हणून एक आजी दोन महिने बाभळीखाली एकटी जेवली, आणि तरी निघताना तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.