आंबोलीकडं निघालेला ट्रेलर

आमच्या मालकांचं नाव कृष्णात. गाव नेसरीकडचं, पण सगळी हयात उचगावात गेली, तीही ट्रॉल्यांच्या खाली. लग्न करून आले तवा मला वाटलं, नवरा वायरमन हाय, घरात पंखा-बिंखा तरी नीट चालंल. कशाचं काय! घरातला बोर्ड महिना महिना लोंबत असायचा आणि हे उसाच्या ट्रॉलीचं मागचं लाल दिवं जोडत बसायचे. मी कावले की म्हणायचे, "अगं, घरात अंधार असला तर आपला पाय ठेचकाळतोय. ट्रॉलीला दिवा नसला तर मागचा माणूस मरतोय."

आता त्या वायरिंगची एक गोष्ट सांगते, न्हाईतर पुढचं कळायचं न्हाय. दिवा लागायला एक वायर जायला लागती आणि एक परत यायला. परतीच्या वायरीला हे अर्थिंग म्हणतात. आमच्याकडं उसाच्या ट्रॉलीला ही परतीची वायर कोण ओढत बसतंय? ट्रॉलीच्या लोखंडाला टेकवायची आणि मोकळं व्हायचं. करंट आपला ट्रॉली अडकवायच्या हुकातनं ट्रॅक्टरला जातोय. खड्ड्यात हुक हलला की दिवं मिचमिच करतात, तर करू देत. ट्रॅक्टरचा वेग तो केवढा! सगळा मुलूख असंच करतोय आणि हे पण जन्मभर तेच करत आले.

मग सयाजीदादांच्या वर्कशॉपात मिलिटरीचे ट्रेलर यायला लागले. सयाजीदादा म्हणजे ह्यांचे शेठ. त्या ट्रेलरचा सॉकेट मुठीएवढा, आत बारा पिना, पाणी जाऊन हिरवा गंज चढलेला. हे एकेक पिन घासून, पुसून, नवी बसवून द्यायचे. आणि तिथं परतीची वायर वेगळी. "ह्यात लोखंडावर भरवसा ठेवायचा न्हाय," हे मलाच सांगायचे, जशी मीच ट्रेलर जोडणार हाय! पण खरं सांगते, त्या कामावर माणसाचा लई जीव. मिलिटरीची गाडी गल्लीतनं गेली की हे ताटावरनं उठून मागचं दिवं बघायचे.

ऐन आषाढातली गोष्ट. पाऊस धो धो. एक ट्रेलर घाईनं आला, दुसऱ्या दिवशी सकाळी आंबोली घाटातनं खाली कोकणात जायचा होता. संगं रुद्रेश म्हणून ड्रायव्हर आल्ता, गडहिंग्लजकडचा, कवळं पोरगं. मी डबा घेऊन गेलते, मला काकू काकू करत निम्मी भाकरी त्यानंच खाल्ली. ह्यांना म्हणाला, "काका, ह्या ट्रेलरच्या मागं माझाच ट्रक असतोय. दिवं झकास लावा बघा."

केबलच्या आत परतीची वायर तुटली होती. वर सयाजीदादांची घाई. आणि ह्यांच्या हातानं जे जन्मभर केलं तेच केलं. वायरीचं टोक ट्रेलरच्या लोखंडाला टेकवलं, नट आवळला, वर्कशॉपातल्या ट्रॅक्टरला जोडून बघितलं. सगळं दिवं लखलख. रुद्रेश हात करून गेला.

दुसऱ्या दिवशी हे सकाळीच कामावर गेले आणि गेल्या पावली घरला आले. मी डेअरीला दूध घालून दारात गाडी लावत होते. बघते तर तोंड पांढरंफटक. म्हणाले, "संयोगिता, मी घात केला." एका ट्रॉलीचं अर्थिंग लोखंडाला टेकवायला गेले आणि आदल्या दिवशी हातानं काय केलं ते तिथं आठवलं. त्या ट्रेलरचा हुक ग्रीसमध्ये बुडालेला, आणि ग्रीसमधनं करंट धड जात न्हाय. घाटात वळणावर हुक हलणार, दिवं जाणार. पुढचा ट्रकवाला ब्रेक मारणार आणि धुक्यात मागच्याला काहीच दिसणार न्हाय. मागं कोण, तर रुद्रेश.

सयाजीदादांना फोन लावला. ते म्हणाले, "दिवं लागलं का न्हाय? लागलं. मग गप बस की! आता बोललास तर पुन्हा एक ट्रेलर यायचा न्हाय." मग दोघं मिलिटरीच्या डेपोच्या गेटवर गेलो, तर पहारेकरी आत सोडंना. गाड्या गेल्यात म्हणाला, उद्या या म्हणाला. उद्या काय मयताला येऊ व्हय रे बाबा? मी तोंडावर म्हटलं त्याला, मराठी कळत नव्हतं म्हणून वाचला.

हे गाडीची किल्ली उलटीच घालाय लागले. म्हटलं, "मागं बसा. गाडी मी घेते." दुधाची ॲक्टिवा ती, तिला काय आंबोली ठाऊक! कागल, निपाणी, उत्तूर, अंगावर पावसाचा मारा आणि मागनं हे एकच घोकत होते, "पोरगं मेलं तर मी मारलं. पोरगं मेलं तर मी मारलं." शेवटी ओरडले मी, "गप बसा हो! न्हाईतर आपणच मरतोय आधी!"

आजऱ्याच्या पुढं झाडाखाली गाड्या चहाला थांबलेल्या दिसल्या. देवानंच थांबवल्या म्हणायचं. हे गाडी थांबायच्या आधीच उडी मारून पळाले. सुभेदारसाहेब हरियाणाकडचे, ऐकून घेतलं, एकाला ब्रेक दाबायला लावला. दिवं लखलख. "सब जल रहा है. क्या दिक्कत है?"

"अब्बी जलता है साहेब, घाट में बुझेगा. मैंने गलत किया."

"कल ओके बोला, आज गलत बोलते हो?"

बाकीचे जवान हसाय लागले. ह्यांनी हुकावर लाथा घातल्या, दगड घातला, तरी मेला दिवा जाईना! ट्रेलरचं सगळं ओझं त्या हुकावर, उभ्या गाडीत तो हलतोय कशाला? मला असं झालं, धरणीनं पोटात घ्यावं. साहेबांनी शिट्टी मारली, गाड्या सुरू झाल्या. तसे हे चिखलात आडवे झाले आणि ट्रेलरखाली शिरून ॲक्सलला मिठी मारून बसले. दोघांनी पाय धरून ओढलं. माझा नवरा, दोन माणसांत मान वर न करणारा, रस्त्यावर लोळत होता आणि लोक मोबाईल काढून बघत होते. मी बोंबलत होते, "सोडा त्यांना, चोर हाय का तो?"

रुद्रेश मागच्या ट्रकातनं पळत आला. काकाला वळखलं. साहेबांना हात जोडून काय बोलला ठाऊक न्हाय, पण साहेब घड्याळ बघून म्हणाले, "जल्दी करो."

वायर कुठाय? हत्यारांची पिशवी वर्कशॉपात राहिलेली, खिशात एक पक्कड तेवढी. हे माझ्या ॲक्टिवाकडं वळले. मी म्हटलं, "तोडा!" सीटखालनं वायरी उपसल्या, पीळ घालून एक जाड केली आणि ट्रकच्या लोखंडापासनं ट्रेलरच्या लोखंडापर्यंत, हुकाच्या वरनं, नटाखाली दाबली, म्हणजे हुक हलला तरी करंट वायरीतनं परत जावा. आवळायला पाना न्हाय, पक्कडीनंच आवळली. हात ओले, बोटं सोललेली. तोवर मी रुद्रेशच्या तळहातावर माझा नंबर लिहिला. म्हटलं, "खाली पोचला की फोन कर, बाळा." गाड्या गेल्या. लाल दिवा धुक्यात शिरेपर्यंत हे रस्त्याच्या मधी उभे होते.

मेलेली ॲक्टिवा ढकलत आजऱ्याला आलो. वाटेतच सयाजीदादांचा फोन. साहेबांनी त्यांना कळवलं होतं. "उद्यापासनं येऊ नकोस," एवढंच म्हणाले. ह्यांनी बरं म्हटलं. रडले न्हाईत, चिडले न्हाईत. एसटी स्टँडच्या बाकावर बसले आणि माझा फोन दोन्ही हातांत धरून ठेवला. चहा आणला तर निवला. वडा आणला तर कुत्र्याला घातला. घाटातनं येणाऱ्या दर एसटीच्या ड्रायव्हरला विचारायचे, "पावणं, वर काय अपघात हाय का?" कोण न्हाय म्हणायचं, कोण म्हणायचं धुक्यात काय दिसतंय. मी अंबाबाईला नवस बोलले, जोतिबाला बोलले, कुणालाच सोडलं न्हाय.

दिवेलागणीला फोन वाजला. ह्यांना घ्यायचं धाडस होईना, मी घेतला आणि आवाज मोठा केला.

"काकू, रुद्रेश बोलतोय. पोचलो खाली. काकांची वायर घाटात निसटली, दिवं गेलं. पण काका तसं चिखलात लोळलेलं बघितल्यावर मी ट्रक लई लांब ठेवला हुता. एका वळणावर पुढचा गपकन थांबला. मी ब्रेक दाबला, तर ट्रेलर हातभर ऱ्हायला, काकू. हातभर. जवळ असतो तर गेलतो."

मी हमसून हमसून रडाय लागले. ह्यांच्याकडं बघितलं, तर हे आपल्या सोललेल्या बोटांकडं बघत होते.

"निसटली?" म्हणाले. "म्हणजे आवळताना कमी पडलो."

"आवं, आग लावा त्या वायरीला!" मी सगळ्या स्टँडात ओरडले. "पोरगं बोलतंय की! ऐका की जरा!"

फोन त्यांच्या कानाला धरला. पलीकडनं पोरगं काका, काका करत होतं, आणि हे नुसती मान हलवत होते, जसं काय पोराला ते दिसतंय.