वरून टाकलेला पेढा

“पदर धर.”

मुकादम म्हणाला, मी पदर धरला. त्यानं वीतभर वरून पेढा टाकला. आत पॅकिंगला असलेल्या बायकांपुढे त्यानं बॉक्स धरला होता, घ्या ताई, घ्या. आम्हा क्रेट धुणाऱ्यांची रांग आली आणि बॉक्स वर गेला.

सरकारनं किमान वेतन वाढवलं होतं, त्याचा पेढा. मी खाल्ला. गोड होता. राग वगैरे काही आला नाही.

केडगावच्या पुढे, पुणे रोडला दुधाचा प्लँट आहे. तिथं आम्ही ठेकेदाराची माणसं. दुधाच्या पिशव्यांचे क्रेट सोड्याच्या पाण्यात धुवायचे. हे काम आमच्याच वस्तीतल्या बायकांना. दुसऱ्या कुणाला दिलेलं कधी पाहिलं नाही. पिशवीला आमचा हात चालत नाही, आम्ही धुतलेला क्रेट मात्र गावभर फिरतो. हाताची सालं निघून निघून बोटांना आता काही कळत नाही. लेकीची वेणी घालायला बसले की ती म्हणते, “आई, तुझी बोटं केसात आडकत्यात.” वाढ आली की रबरी हातमोजे घ्यायचे, एवढंच मी ठरवलं होतं.

आमच्या पगाराची रीत अशी. बँकेत सरकारी दरानं पूर्ण पगार जमा. कागद धुतल्या तांदळासारखा. कार्डं मात्र मुकादमाकडे, रबर लावून. पगाराला तो आम्हाला टेम्पोत घालून केडगावच्या एटीएमला नेतो. आम्ही टेम्पोतच बसायचं. तो आत जातो, सगळ्यांचे पैसे काढतो, ठेकेदाराचा वाटा बाजूला ठेवतो आणि उरलेले आमच्या पदरात टाकतो. स्वतःचा पिन आमच्यातल्या एकीलाही माहीत नाही. पगार असाच होत असतो, असं मला बरीच वर्षं वाटायचं.

वाढीनंतरचा पहिला पगार झाला. नोटा पदरात पडल्या. आधी मिळायच्या तेवढ्याच.

“वाढ कुठं हाय?” मी विचारलं.

“खात्यावर आली की.”

“मग आमाला?”

“पेढा दिला न्हाई का तुला?”

टेम्पोतल्या बायका हसल्या. भीतीनं हसल्या असतील. मीही तोंड उघडलं, पण हसू आलं नाही. आत काहीच हललं नाही. फक्त तोंडातून निघालं, “माझं कार्ड द्या.”

शेजारी सोनामावशी होती, तिनंच मला या कामाला लावलेलं. तिनं चिमटा काढला. “गप बस गं. कामाला मुकशील.”

“व्हय मावशी,” म्हणाले आणि टेम्पोतून उतरले.

मुकादमानं गठ्ठ्यातून माझं कार्ड ओढलं. वर धरलं. “धर पदर.”

मी पदर कमरेला खोचला. हात पुढे केला.

“हातात द्या.”

त्यानं वरूनच सोडलं. कार्ड बोटांना लागून मातीत पडलं. लागलेलं मला कळलंही नाही. मी वाकले नाही. हात तसाच धरला.

“उचला. हातात द्या.”

एटीएमबाहेरची माणसं वळून बघायला लागली. मुकादमाच्या मुठीत बायकांच्या कार्डांचा गठ्ठा होता, तो सगळ्यांना दिसत होता. शेवटी तोच वाकला. कोपऱ्याला धरून दिलं, माझं बोट लागू नये म्हणून. पण हातात दिलं.

दुसऱ्या दिवशी मला गेट बंद.

परवा नगरला कामगारांची बैठक होती. एका साहेबांनी विचारलं, किमान वेतन आणखी वाढवावं का? कुणी म्हणालं, धंदे बुडतील. मी उठले. “वाढवा. वाढवायलाच पायजे. पन पगाराच्या दिवशी सरकारनं केडगावच्या एटीएमपुढं उभं राहून बघावं, वाढ कुनाच्या खिशात जाती ते.”

“तो वेगळा मुद्दा आहे, बाई,” साहेब म्हणाले.

वेगळा नाही. मुद्दा तोच आहे.

सरकार येईल न येईल. पुढच्या पगाराला टेम्पो केडगावला येईल, तेव्हा मी एटीएमच्या दारात उभी असेन. आधी सोनामावशीचं कार्ड. मग पुढचीचं. एकेक कार्ड तो ज्या त्या बाईच्या हातात देईल. तोवर मी दारातून हलणार नाही.