गाळलेलं वासरू

डॅनियलचा फोन आला तेव्हा मी इथल्या पेंडल हिल उपनगरातल्या भारतीय दुकानात कढीपत्ता निवडत होते. "आई सकाळी गेली," एवढंच तो इंग्रजीत म्हणाला. मी टोपली तिथेच ठेवून बाहेर आले... त्याची आई, रिबेकामावशी, मला पहिल्यांदा भेटल्या त्या याच दुकानात. कोकणी हेल ऐकून मी वळले, तर हसून म्हणाल्या, "आम्ही बेने इस्रायली, अलिबागकडच्या. मराठी यहुदी!" पुढे माझी मुलगी इरा त्यांना आजी म्हणू लागली.

मावशींनी इथल्या युनिव्हर्सिटीत आयुष्यभर एकच विषय शिकवला: प्राचीन यहुदी इतिहासकारांनी आपल्या धर्मग्रंथातल्या कथा ग्रीक वाचकांना कशा सांगितल्या. "ग्रीकांना वाटायचं, ह्यांना कसला आलाय इतिहास! मग एकाने लिहिलं, आमच्या अब्राहामाने इजिप्तच्या पंडितांना गणित शिकवलं. आणि आमचेच लोक सोन्याचं वासरू घडवून पुजायला लागले, ती गोष्ट? ती गाळूनच टाकली."

"दॅट्स चीटिंग, आजी," इरा म्हणाली.

"परक्यांपुढे लाज वाटते गं. पण घरच्या पोथीत वासरू तसंच राहिलं हो."

गेल्या हिवाळ्यात मावशींना स्ट्रोक झाला आणि बोलण्यातलं इंग्रजी पुसलंच गेलं. समजायचं सगळं, पण तोंडून यायची फक्त मराठी. डॅनियलला ती येत नव्हती. मग मला नेहमी इंग्रजीत उत्तरं देणारी इरा हॉस्पिटलात त्यांच्या उशाशी बसून त्यांचं बोलणं त्याला सांगू लागली. एका दुपारी मावशी अडखळत म्हणाल्या, "त्याला सांग... लहानपणी तू म्हणालास, लोकांसमोर मराठी बोलू नकोस. मी गप्प झाले. ते अजून दुखतं."

इराने माझ्याकडे पाहिलं. मग डॅनियलला म्हणाली, "शी सेज शी लव्ह्ज यू."

मावशी खुदकन हसल्या. "वासरू गाळलंस ना?"

इराचा चेहरा उतरला. मग तिने सगळं सांगितलं, काही न वगळता. डॅनियलने आईचा हात धरला. "सॉरी, आई," तो म्हणाला.

"इराने आधी सांगितलं, तेही खरंच होतं हं," मावशी म्हणाल्या. इराने तेही त्याला सांगितलं. ती दुपार आमच्या वाट्याला आली, याबद्दल मी फार कृतज्ञ आहे.

मावशी गेल्यावर महिन्याभराने डॅनियलने आम्हाला त्यांच्या केलीव्हिलच्या घरी बोलावलं. बेने इस्रायली आभार मानायला मलिदा करतात. साखर आणि ओलं खोबरं घातलेले गोड पोहे. मावशींच्या ओट्यापाशी उभा राहून तो पोहे कालवत होता.

"साखर... पुरे?" त्याने मराठीत विचारलं.

इराने चिमूटभर चाखलं. "अजून थोडी, मामा. आजी सढळ हाताने घालायची."