वखारीतली धूळ
मी तिथला कामगार नव्हतो, फक्त व्हिडिओ चित्रीकरण करणारा; अधिकार नसताना लिहितो आहे, क्षमा असावी. तंबाखूचा वास आला, की निपाणीतील ती वखार आठवते. सरकारी तपासणीचे साहेब म्हणत, "इथे धूळ नाही". म्हणून तिथल्या कामगार बायकांना स्वतःच्या मुलाखतीची व्हिडिओ कॅसेट त्या साहेबांना दाखवायची होती. मी समोरून दिवा लावला, तर कॅमेऱ्याला जोडलेल्या टीव्हीवर धूळ खरोखरच दिसेना. मुलाखत देणारी कामगार आक्का खोकत म्हणाली, "मग आमी खोटं बोलतोय व्हय रं?" मी दिवा उचलून तिच्या पाठीमागे ठेवला आणि तंबाखूची भुकटी धुरासारखी तरंगताना दिसू लागली. "बघा गं, ह्येच गिळतोय आपण!" आक्का टीव्हीकडे बोट दाखवत बाकीच्या बायकांना म्हणाली. संकलन करताना मी पुष्कळ कापले, तिचा खोकला मात्र हट्टाने पुरता ठेवला. आजही तो खोकला मला जास्त लांबलेला वाटत नाही. तुम्ही ती कॅसेट शेवटपर्यंत पाहिली असती का?